उजेडाच्या तीन फेऱ्या

नितीनने नगरजवळच्या नागापूरहून स्कॅनर आणला तो टेम्पोत, पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. वाटेत राहुरीला चहा प्यायला उतरला तेव्हाही म्हणे त्याने तो ड्रायव्हरच्या भरवशावर सोडला नाही. एवढी काळजी त्याने स्वतःच्या वरातीत बायकोची घेतली नसेल. नितीन एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकलला होता. कंपनीत नवा स्कॅनर आला, जुना अडगळीत गेला, आणि ह्याने साहेबाला गोड बोलून तो मित्रासाठी उचलला.

मित्र म्हणजे शलमोन साळवे. श्रीरामपुरात एसटी स्टँडच्या मागे त्याचं लग्नपत्रिका आणि हँडबिलं कॉम्प्युटरवर करून देण्याचं दुकान. साल सत्त्याण्णव. पत्रिकेवर फोटो हवा म्हटलं की गिऱ्हाईक नगरची वाट धरायचं, आणि ते शलमोनच्या जिव्हारी लागायचं. स्कॅनर टेबलावर ठेवला तेव्हा टेबल भरून गेलं आणि त्या दिवशीचा चहा खुर्चीवर ठेवावा लागला.

यंत्र जुनं होतं आणि जुन्या माणसासारखं मानपानाचं होतं. कॉम्प्युटर उघडून त्यात एक कार्ड बसवायचं, कार्डातून मनगटाएवढी जाड केबल काढायची, ती स्कॅनरला लावायची. सगळं केलं, फ्लॉपी घातली, आणि कॉम्प्युटरने सांगितलं की स्कॅनर नावाची वस्तू त्याला कुठेच दिसत नाही. कार्ड काढलं, दुसऱ्या खाचेत घातलं. आवाजाचं कार्ड आडवं येतंय म्हणून ते उपटलं. नाहीच. दुपारपर्यंत दोघं एकमेकांवर खेकसायला लागले. शेवटी नितीनला पोत्याच्या तळाशी एक काळं टोपण सापडलं. केबलीची माळ जिथे संपते तिथे ते बसवायचं असतं, नाहीतर ह्या जातीच्या यंत्राला आपला शेवट कळत नाही. आणि दुसरी मेख म्हणजे आधी स्कॅनर चालू करायचा, मग कॉम्प्युटर. उलटं केलं की महाराज रुसले. टोपण बसवलं, क्रम पाळला, आणि स्कॅनरने आतल्या आत दोन ठोके दिले. ठक, ठक. आतली दिव्याची पट्टी मागे सरकून आपल्या जागेवर आपटली, एवढंच.

नेमकी त्याच वेळी शलमोनची आई, दीनाबाई, दारात उभी होती. ती जागच्या जागी थिजली.

"कोन ठोकतंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आई. मशीन आहे," शलमोन घाईने म्हणाला.

साळव्यांच्या घरात दार कोणी ठोठावत नाही. कडी वाजवत नाही, टेबलावर बोट आपटत नाही. आलं की नावाने हाक मारायची, अशी शिस्त शलमोनला कळायला लागल्यापासून आहे. एंजेला लग्न होऊन आली तेव्हा तिने सासूच्या दारावर एकदा टकटक केली होती, आणि दीनाबाई आतून धावत आली ती दाराकडे न बघता जमिनीकडे बघत. नंतर शलमोनने बायकोला सगळं सांगितलं. मग तीही हाक मारायला शिकली.

दीनाबाई प्रार्थना करायला आली होती. ख्रिस्ती घरात नवं काही आलं, मग ते शिलाई मशीन असो की सायकल, आधी प्रार्थना होते, मग हात लागतो. नितीन बौद्ध, तरी तोही शहाण्यासारखा हात जोडून उभा राहिला. आमेन झालं. दीनाबाईने पिशवीतून एक पाकीट काढलं, पाकिटातून फोटो, आणि तो शलमोनपुढे धरला.

"पयला ह्योच घाल."

शलमोनला तो बघायची गरज नव्हती. तो पेटीचा फोटो होता. त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत अशी रीतच होती. माती संध्याकाळच्या आत द्यायची, मुंबई-नागपूरचे पाव्हणे पोचणार नाहीत, म्हणून पेटी उघडी ठेवून सगळं घर भोवती उभं करायचं, फोटो काढायचा आणि लांबच्यांना पाठवायचा. हा फोटो कोल्हारच्या घरापुढचा, तीसेक वर्षांपूर्वीचा. दोन बाकांवर छोटी पेटी. डाव्या बाजूला शलमोनचा बाप कचरू, टोपी हातात धरून. पेटीचा कोपरा धरून सहा वर्षांचा शलमोन. पेटीत रूथ, त्याची धाकटी बहीण, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट. घटसर्पाने गेली, बघता बघता. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, एकटी दीनाबाई मुलीकडे.

रूथचा जिवंतपणीचा फोटो नव्हताच. तिचं तोंड जगात कुठे उरलं असेल तर ते एवढंच, आणि आता त्या कागदालाही बुरशीचे ठिपके पडत होते. शलमोनला वाटलं, बरं झालं. कॉम्प्युटरवर घेऊ, डाग काढू, नवी प्रत करून देऊ, म्हातारी खूश होईल. त्याने फोटो काचेवर पालथा घातला आणि झाकण लावलं.

झाकण लावताना आईने तोंड फिरवलेलं त्याने पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

हा स्कॅनर एका दमात फोटो घेत नसे. तीन फेऱ्या मारायचा. एकदा लाल रंग गोळा करायचा, एकदा हिरवा, एकदा निळा, आणि तिन्ही एकावर एक ठेवून चित्र करायचा. झाकणाच्या फटीतून उजेड हळूहळू सरकत गेला, दीनाबाईच्या हनुवटीवरून गेला, टोकाला जाऊन मागे आला. ठक, ठक. पुन्हा गेला, ठक, ठक, आणि तिसऱ्यांदा गेला. ठक, ठक. दीनाबाईने नितीनचा हात घट्ट धरला होता आणि नितीनला तो सोडवून घेण्याची हिंमत होत नव्हती.

मग पडद्यावर चित्र वरून खाली उलगडायला लागलं. घराचं दार, कचरूची पगारी कामगारासारखी ताठ मान, टोपी, पेटीची कड. सगळं काळं, पांढरं, करडं, जसं असायला हवं तसं. आणि मग रूथचं तोंड आलं. तिच्या दोन्ही पापण्यांना रंग होता. वरच्या कडेला लाल, खाली निळी रेघ. एका पापणीच्या जागी तीन पापण्या, थोड्या थोड्या अंतरावर. बाकी फोटोत कुठे रंगाचा ठिपका नाही.

दीनाबाई पुढे झाली, पडद्याच्या अगदी जवळ.

"हलली," ती म्हणाली. "मी सांगत हुते."

ती खरंच सांगत होती. फोटोवाल्याने काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं त्या क्षणाला तिला मुलीची पापणी हललेली दिसली होती. "थांबा, माझी पोर जित्ती हाय," म्हणून तिने टाहो फोडला. बायांनी तिला धरलं. आईला असं दिसतंच, म्हणाले सगळे. रूथ झोपली आहे, प्रभूत झोपली आहे, असं पाळकसाहेब समजुतीने म्हणाले आणि ते शब्द दीनाबाईच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले. झोपलेलं लेकरू आपण मातीत घातलं. कचरूने झाकण लावलं, खिळे ठोकले. तेव्हापासून भाकरी थापता थापता भर दुपारी तिचा हात थांबायचा, मान जमिनीकडे वळायची. "शलमोन, ऐकलंस का रं?" लहानगा शलमोन म्हणायचा, न्हाई. कधी कधी त्याला ऐकू आल्यासारखं वाटायचं, तेव्हाही तो न्हाईच म्हणायचा.

"मावशी, फोटो कसा हलेल?" नितीनने समजूत काढायला सुरुवात केली. "कागद आहे तो. मशीन जुनं आहे, तीन फेऱ्या जुळत नाहीत."

"मंग शलमोन का न्हाई हलला? त्याचा बाप का न्हाई हलला? पोरगीच कशी हलली?"

शलमोनने युक्ती केली. रंगच नको, म्हणून त्याने एका फेरीत काळा-पांढरा फोटो घेतला. चित्र स्वच्छ आलं. रूथचे डोळे शांत मिटलेले. "हे बघ, आई," तो म्हणाला. "काही नाही."

दीनाबाईने मान हलवली. "एकदाच बगितल्यावर कुनी हलत न्हाई, बाळा. तीनदा बगितल्यावर कळतं."

मग तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं की येत्या रविवारी ती कोल्हारला जाणार. उपासना संपली की चर्चच्या मंडळीपुढे उभी राहणार आणि थडगं उघडा म्हणून मागणार.

"आई, वेड लागलंय का तुला?" शलमोन ओरडला. "माती झाली असेल तिची!"

बोलल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली. पण दीनाबाई चिडली नाही.

"हाडं असतील की," ती म्हणाली. "हाडं उतानी हायेत का कुशीवर वळलीत, येवढंच बगायचंय मला. उतानी असली तर मी गप बसंन."

ती गेल्यावर नितीनने खुर्चीवरचा गार झालेला चहा एका घोटात संपवला. "च्यायला, कसलं मशीन आणलं मी," तो म्हणाला.

घरी दीनाबाईने जेवण सोडलं नाही, त्रागा केला नाही, हेच एंजेलाला जास्त भीतीचं वाटलं. सासू कोल्हारला नेण्यासाठी लुगडं धुऊन वाळत घालत होती, कुठली एसटी किती वाजता ते शेजाऱ्यांना विचारत होती. एकदा तिने शलमोनला विचारलं, पहार आपली न्यायची का तिथं मिळंल. शलमोन घराबाहेर पडला. आईला थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. आणि समजा मंडळीने ऐकलं, समजा खरंच माती उकरली, आणि हाडं उताणी नसली तर? जमीन सरकते, पेटी कुजते, मुंग्या असतात, घुशी असतात. हाडं काय जागेवर राहतात? पण हे आईला कोण पटवणार. त्यानंतर ती एक दिवस जगली नसती, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिच्यापुढे तीन फेऱ्यांचंच चित्र ठेवायला हवं होतं, रंगाची रेघ नसलेलं. दुसरा कुठलाही पुरावा ती मानणार नव्हती.

शुक्रवारी नितीन रजा टाकून आला. दोघांनी स्कॅनर उघडला. दिव्याची पट्टी सरकते त्या दांड्यावरची वर्षानुवर्षांची धूळ काढली, शिलाई मशीनचं तेल दिलं, सैल झालेला पट्टा ताणून घेतला, काच आतून-बाहेरून पुसली. तपासायला शलमोनच्या लग्नाचा फोटो घातला. चोख. दुकानाशेजारच्या किराणावाल्याच्या लेकीचा फोटो घातला. चोख. तीन फेऱ्या एकमेकींवर अशा बसल्या की नितीनने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग पेटीचा फोटो घातला.

लाल रेघ. निळी रेघ. दोन्ही पापण्यांवर. आधीपेक्षा ठळक.

फोटो आडवा घातला, उलट्या बाजूने घातला, काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात घातला. रेघ काचेबरोबर राहिली नाही, यंत्राबरोबर राहिली नाही. मुलीबरोबर फिरत राहिली. नितीनच्या थट्टा केव्हाच बंद पडल्या होत्या. "मी जरा विडीकाडी घेऊन येतो," म्हणून तो बाहेर गेला. नितीन विडी ओढत नव्हता.

शलमोन एकटा उरला. भरदुपार होती, बाहेर कंडक्टर "राहुरी, नगर" म्हणून ओरडत होते, आणि तरी त्याच्या अंगावर काटा आला. यंत्रात काही दोष नाही, हे त्याने स्वतःच सिद्ध केलं होतं. मग उरलं काय? त्याला पेटीचा कोपरा हाताला लागल्यासारखं वाटलं, कच्च्या लाकडाचा, खरबरीत. तो कोपरा धरून तो उभा होता तेव्हा त्याने बहिणीकडे पाहिलं होतं का? कॅमेऱ्याकडे बघ म्हणाले होते, म्हणून तो कॅमेऱ्याकडेच बघत राहिला. एकदा जरी वळून पाहिलं असतं तरी आज त्याला आईला छातीठोकपणे सांगता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आई खरं बोलत असेल. तो मटकन खाली बसला आणि रडला.

डोळे पुसून उठला तेव्हा हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याने पुन्हा स्कॅन सुरू केला. पण ह्या वेळी झाकण लावलं नाही. ते झाकण लावणं त्याला आता सहनच होत नव्हतं. फोटो काचेवर पालथा, मागची पिवळी बाजू वर. उजेड खालून सरकत निघाला. शलमोन वाकून बघत राहिला, आणि त्याला दिसलं.

कागद हलत होता. सगळा नाही, एकच जागा. दिव्याची ऊब लागताच रुपयाएवढा भाग हळूच वर उचलला जात होता, तव्यावर पापडाला फोड यावी तसा. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा. तिसऱ्या फेरीत आणखी, म्हणून प्रत्येक रंगाला पापणी जरा वेगळ्या जागी सापडत होती. त्याने फोटो उचलून दारातल्या उन्हात तिरका धरला. बरोबर मुलीच्या तोंडावर कागद फुगून सैल झाला होता, वरचा थर झिजून मऊ पडला होता. बाकी सगळीकडे सपाट.

ते कशाने झालं हे त्याला क्षणात कळलं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर आई तो फोटो मांडीवर घ्यायची, अंगठा जिभेला लावून ओला करायची, आणि लेकराच्या डोळ्यातली चिपडं पुसावीत तसा रूथच्या पापण्यांवरून फिरवायची. रोज, तीसेक वर्षं. त्या घरात ते इतकं नेहमीचं झालं होतं की कोणाला दिसतही नव्हतं.

नुसतं झाकण त्या जागेवर पुरतं टेकत नव्हतं, म्हणून त्याने खिशातला रुमाल काढला, घडी घातली, फोटोच्या पाठीवर त्या जागी ठेवली आणि वरून झाकण दाबून लावलं. तीन फेऱ्या झाल्या. चित्र उतरलं. रूथ डोळे मिटून होती आणि कुठे काही रंग नव्हता.

तो आईला आणायला धावतच घरी गेला. वाटेत नितीन भेटला, त्यालाही ओढत घेतलं.

दीनाबाईने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "तीन डाव घेतला?"

"तीन डाव. तुझ्यापुढं परत घेतो." त्याने परत घेतला. रंग नाही. मग फोटो बाहेर काढून त्याने तिच्या हातात दिला, तिचं बोट धरून त्या फुगलेल्या जागेवर ठेवलं, आणि सगळं सांगितलं. ऊब कशी लागते, कागद कसा उचलला जातो. झाकण उघडं ठेवून तिला डोळ्यांनी दाखवलंही. सांगताना त्याला वाटत होतं की आता आईच्या उरावरचा धोंडा उतरेल, ती हात जोडेल, आमेन म्हणेल.

सवयीने तिचा अंगठा जिभेकडे गेला आणि मध्येच थांबला.

"म्हंजी मीच हलवत हुते तिला," ती म्हणाली.

नितीन दाराकडे बघायला लागला.

"इतकी वर्सं मला वाटायचं, ती खाली उठून बसलीया आन मी वर भाकरी खातीया. येक घास ग्वाड लागला न्हाई मला, शलमोन." तिने पदराने तोंड पुसलं. "तवाच गेलती म्हन की ती. फोटो काढायच्या आदीच."

"व्हय, आई. गेलती."

"खिळं ठोकताना तिला काई कळलं न्हाई."

"काहीच नाही कळलं."

दीनाबाई खुर्चीत बसली आणि रडली. टाहो नाही, ओरडणं नाही. नुकती माती देऊन घरी आलेली बाई रडते तशी रडली, आणि शलमोन तिच्या पायाशी बसून राहिला. रविवारी कोल्हारला जायचं का, हे त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, जाऊ, फुलं ठिवून येऊ.

मग ती उठली, पुन्हा टेबलापाशी गेली.

"त्ये फडकं काढ."

"कशाला, आई?"

"काढ की. मंग ती परत हलंल ना?"

"हलेल. पण ते खरं नाही, आई. आत्ताच सांगितलं ना तुला."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आता मला भ्या न्हाई वाटत. येकदा हलू दे तिला."

शलमोनने नितीनकडे पाहिलं. नितीनने मान डोलावली. रुमाल काढला, फोटो काचेवर ठेवला. उजेड गेला, आला, गेला, आला, गेला, आला. चित्र वरून खाली उलगडायला लागलं. घराचं दार, टोपी, पेटीची कड. दीनाबाईने खुर्ची पुढे ओढली आणि पापण्यांवर रंग उतरायच्या आधीच तोंड पडद्याजवळ नेलं.

"रुथे," ती हळूच म्हणाली, "हिकडं बग गं."